दोन स्वेटर घालूनही हुडहुडी का भरते?

वाचकाचे पत्र: माझे वय ७१. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला मोटरसायकलवर मळ्यात जातो. घरापासून अंतर चार किलोमीटर. पारा फार उतरला की बागेला पाणी सोडावे लागते, शेकोट्या पेटवाव्या लागतात. पूर्वी एका स्वेटरवर भागायचे. आता सुती बनियन, शर्ट, दोन स्वेटर आणि वर शाल एवढे घालूनही हुडहुडी भरते. बोटे पांढरी पडतात, गाडीवरून उतरल्यावर पाण्याच्या मोटारीच्या पेटीचे कुलूपसुद्धा उघडता येत नाही. बीपीसाठी अटेनोलॉलची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. वर्षभरात वजन ६३ वरून ५८ किलोवर आले, बाकी तब्येत बरी आहे. मुलगा म्हणतो, थंडीत मळ्यात जाणेच बंद करा. मला ते जमणार नाही. काय घालावे? तिळाच्या तेलाने मालीश केल्याने किंवा निघताना घोटभर ब्रँडी घेतल्याने फरक पडतो का?

उत्तर:

नमस्कार काका,

कपड्यांकडे येतोच, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. वर्षभरात वजन पाच किलोने घटले. तुम्ही काही पथ्य करून ते उतरवलेले दिसत नाही. उतारवयात, काही न करता, वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेले तर त्याचे कारण शोधायचे असते; तुमचे ८ टक्के गेले आहे. तेव्हा या आठवड्यात आधी डॉक्टर, मग कपड्यांचे दुकान.

जाताना बीपीच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या आणि या तपासण्यांबद्दल विचारा: हिमोग्लोबिन (पुरुषांत १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी), टीएसएच म्हणजे थायरॉईडची चाचणी, तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२ आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. थायरॉईड मंद झाला की माणसाला फार थंडी वाजते, पण त्यात वजन सहसा वाढते. तुमचे घटते आहे, म्हणून आमचा पहिला संशय साखर, रक्तक्षय आणि खाणे कमी पडणे यांवर आहे. दोन-तीन आठवडे टिकलेला खोकला किंवा संध्याकाळची कणकण असेल तर तेही सांगा, म्हणजे छातीचा एक्स-रे निघेल. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, असे होत असेल तर पायांच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात.

अटेनोलॉलचाही यात हात असू शकतो. या जातीच्या गोळ्यांनी हातापायांच्या बोटांकडचा रक्तपुरवठा थोडा आटतो. बोटे गार पडणे हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. बीपीवर दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या आहेत, डॉक्टर बदलून देऊ शकतात. मात्र आमचे वाचून उद्यापासून गोळी बंद करू नका. ती एकदम सोडली तर बीपी उसळते, छातीत दुखू शकते, झटकाही येऊ शकतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. कपडा ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब धरून ठेवतो. ऊब तयार होते ती अन्नातून, आणि त्यातली बरीचशी स्नायूंमध्ये. वय वाढते तसे स्नायू कमी होतात, म्हणजे शेगडीच लहान होते. कुडकुडणे ही शरीराची ऐनवेळची जादा उष्णता, पण तीही स्नायूंच्याच जोरावर चालते. त्यात कातडीखालची चरबी पातळ होते. आणि गारठा लागला की कातडीतल्या रक्तवाहिन्या पटकन आवळून रक्त आत वळवतात, ती हालचाल म्हातारपणी मंदावते. वजनातले पाच किलो गेले त्यात स्नायूही गेलेच असणार. दोन स्वेटर घालूनही तुम्हाला थंडी वाजते, त्याचे निम्मे उत्तर इथे आहे.

उरलेले निम्मे तुमच्या मोटरसायकलवर आहे.

निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ६ अंशांवर आला, अशी बातमी तुम्ही दर हिवाळ्यात वाचता. तो आकडा सावलीतल्या हवेचा. त्याच हवेत ताशी ४० किलोमीटरने गाडी हाकली तर उघड्या चेहऱ्याला आणि हाताला ती साधारण १ अंशासारखी लागते. वेग २५ वर आणला तरी फार तर २ अंश, आणि वाऱ्यात राहण्याचा वेळ मात्र वाढतो. म्हणजे गाडी हळू चालवून सुटका नाही, वारा अडवायला हवा. विणलेला स्वेटर वारा अडवत नाही. टाक्याटाक्यांतून तो आरपार जातो आणि तुम्ही तापवलेली हवा घेऊन जातो. एकावर एक दोन स्वेटर असले तरी तेच, उलट घट्ट बसले तर त्यांच्या मधली हवाही दाबली जाते. शाल गाडीवर उडते. ती वारा तर अडवत नाहीच, चाकात जायची भीती वेगळी.

तेव्हा असे करा. अंगालगत पूर्ण बाह्यांचा थर्मल घाला, पॉलिएस्टरचा किंवा लोकरमिश्रित, अंगाला बेताचा बसणारा. घेताना लेबल वाचा, कारण थर्मल म्हणून विकले जाणारे पुष्कळ कपडे बहुतांशी सुती असतात. बनियन काढून ठेवा. पन्नास वर्षांची सवय आहे, सुटायला जड जाईल, पण खरा घात तोच करतो. सूत घाम पिते आणि धरून ठेवते. मळ्यात तासभर काम केले की पाठ ओली होते, काम थांबले की ती ओली पाठ गार पडते, आणि हुडहुडी भरते ती तेव्हा. तुम्ही म्हणता ती थंडी पोहोचताना वाजते की काम थांबवल्यावर, हे एकदा लक्ष देऊन पाहा. थांबल्यावर वाजत असेल तर दोष घामाचा.

थर्मलवर एकच जाड लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट. आणि सगळ्यात बाहेर वारा न शिरणारा कपडा. त्यासाठी नवा विंडचीटर घ्यायचाच असे नाही, पावसाळ्यात वापरता तो रेनसूट कपाटातून काढा. वरचा कोट आणि खालची पँट दोन्ही घाला. गाडीवर गुडघ्यांना थेट वारा लागतो आणि तिकडे कुणाचे लक्ष नसते. कोट एक माप मोठा हवा, म्हणजे आतला स्वेटर चेपणार नाही. मनगटाला इलॅस्टिक आणि गळ्यापर्यंत चेन असावी. रेनकोटातून घामाची वाफ बाहेर जात नाही, म्हणून मळ्यात उतरल्याबरोबर तो काढून गाडीवर ठेवा आणि परत निघताना चढवा. काम करताना अंगावर थर्मल आणि स्वेटर पुरतात. पाठीला घाम जाणवायच्या आधी स्वेटरही काढा. घाम आल्यावर काढून उपयोग नाही. काम थांबले की लगेच परत घाला.

रेनकोट सापडला नाही त्या दिवशी स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची चार-पाच पाने उलगडून ठेवा. कागद वारा अडवतो. दिसायला कसेही दिसो, काम चोख होते.

शाल घरी, ओट्यावर बसताना ठेवा. मळ्यात बसून राखण करायची असेल तर शालीपेक्षा धनगरी घोंगडी कितीतरी बरी. दख्खनी मेंढीची ती राठ लोकर टोचते खरी, पण दवाने ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते आणि जमिनीवर अंथरली तर खालून येणारा गारठाही तोडते.

बोटांचे वेगळे सांगायला हवे. ती नुसती गार पडत नाहीत, पांढरी पडतात, म्हणजे तिथला रक्तपुरवठा काही वेळ जवळजवळ थांबतो. गारठ्याने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसून हे होते. ते उतारवयात नव्याने सुरू झाले असेल तर डॉक्टरांना बोटे दाखवाच. बोटांच्या टोकांना जखम किंवा काळेपणा दिसला तर त्याच दिवशी. गाडीवर पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चार बोटे एकत्र राहणारा मोजा जास्त ऊब देतो, पण त्यात क्लच-ब्रेक नीट दाबता येत नाही. म्हणून आत पातळ लोकरी हातमोजे, बाहेर वारा न शिरणारे सैल हातमोजे, आणि हँडलवर बसवायची जाड कापडी कव्हरे मिळतात ती. कव्हरे बसवल्यावर आधी दारातच ब्रेक दाबून पाहा. मनगट उघडे राहू देऊ नका. तिथून रक्त कातडीच्या अगदी जवळून बोटांकडे जाते, आणि हातमोजा व बाही यांच्या मधली दोन बोटांची फट सगळ्यावर पाणी फिरवते. जुन्या लोकरी पायमोज्याचे टोक कापले की मनगटाला घालायला छान पट्टा होतो.

मळ्यात पोहोचल्यावर बोटे बधिर असतील तर ती काखेत धरा, पाच-दहा मिनिटांत जीव येतो. शेकोटीवर धरू नका. बधिर बोटांना भाजलेले कळत नाही. घरी आल्यावरही कढत पाण्यात हात घालू नका. कोपर बुडवून पाहा, तिथे कोमट लागले तेवढेच पाणी पुरे.

पायमोज्यांबाबत नेहमी एकच चूक होते: थंडी वाढली की एकावर एक दोन जोड घालून पाय बुटात कोंबले जातात. पाय आवळले की रक्त कमी पोहोचते, मधली हवा जाते आणि पाय आणखी गार पडतात. एकच जाड लोकरी जोड घाला, आणि बूट असा हवा की आत बोटे हलवता येतील. बुटाच्या तळात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तळवा घाला. ओल्या जमिनीचा गारठा खालूनच चढतो.

बागेला पाणी सोडताना मात्र अनवाणी किंवा चपलेत पाण्यात उभे राहणे या वर्षीपासून बंद. पाणी त्याच तापमानाच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढते. पाटाच्या पाण्यात दहा मिनिटे उभे राहिलात की बाकीचे सगळे कपडे फुकट. गुडघ्यापर्यंतचा गमबूट घाला, आणि कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाडीवर राहू द्या. रात्रीच्या पाळीची वीज असेल तेव्हा पाण्याला तरुण माणसाने जावे. इथे आम्ही तुमच्या मुलाच्या बाजूने आहोत.

डोक्यावाटे अंगातली निम्मी उष्णता जाते, हे सगळीकडे ऐकायला मिळते आणि ते खरे नाही. डोक्याचा भाग शरीराच्या मानाने जेवढा, तेवढीच तिथून जाते, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. तरी कान, कपाळ आणि मान यांना गारठा फार लवकर कळतो, म्हणून माकडटोपी हवीच. गाडीवर हेल्मेटच्या आत पातळ टोपी घाला. जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि मागच्या गाडीचा हॉर्नही ऐकू येत नाही. मफलरची टोके कोटाच्या आत खोचा. पहाटेच्या कोरड्या गार हवेने दम लागत असेल किंवा छाती आवळत असेल तर मफलर नाकातोंडावरून घ्या, श्वास उबदार होऊन आत जातो.

वेळेबद्दल. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या सुमारास असते. जानेवारीत तुमच्याकडे सूर्य सात-सव्वासातला उगवतो, म्हणजे तुम्ही साडेपाचला निघून दिवसातले सर्वांत गार दोन तास उघड्यावर काढता. दव, धूर, धूळ हे सगळेही त्या वेळी जमिनीलगत बसलेले असते. ज्या दिवशी बागेला धोका नाही, नुसती चक्कर मारायची आहे, त्या दिवशी आठनंतर जा. हवामानाचा अंदाज आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळतो. रोज पहाटे उठायची गरज उरलेली नाही.

निघायच्या आधी घरातच पाच मिनिटे अंग गरम करा: घोटे फिरवणे, खांदे फिरवणे, हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे. आखडलेल्या स्नायूंनी गाडीवरून उतरताना माणूस पडतो. पोटात काहीतरी हवे, नुसत्या चहावर निघू नका. रात्रीची बाजरीची भाकरी आणि गूळ-तूप, किंवा दूध आणि मूठभर शेंगदाणे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू झाले तर हे आणखी महत्त्वाचे, कारण उपाशीपोटी कुडकुडण्यात साखर खर्च होऊन एकदम उतरू शकते. दिवसभरात प्रथिने साधारण वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ६० ग्रॅमच्या आसपास लागतात. दोन अंड्यांत १२, ग्लासभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. बाकी डाळ, उसळ आणि भाकरीतून भरून काढा. क्रिएटिनिन वाढलेले निघाले तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. गारठ्यात लघवी जास्त होते आणि तहान लागत नाही, त्यामुळे थर्मासमध्ये गरम पाणी किंवा पातळ कढण न्या आणि तहान नसली तरी घोट घोट घ्या.

तंबाखूचे तुम्ही लिहिलेले नाही. पण खात असाल, किंवा घरात कुणी मिश्री लावत असेल आणि त्यांचीही बोटे गार पडत असतील, तर निकोटिनने बोटांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात एवढे सांगतो.

ब्रँडी नको. घोट घेतल्यावर गरम वाटते ते खरे आहे, कारण दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतले गरम रक्त बाहेर येते. ती ऊब बाहेरच्या हवेला जाते आणि आतले शरीर गार होते. शिवाय कुडकुडणे मंदावते, अंदाज चुकतो, आणि पुढे तुम्हाला गाडी चालवायची आहे. तिळाच्या तेलाने नुकसान नाही. मालीश करताना चोळण्याने ऊब येते, ती थोडा वेळ टिकते. हिवाळ्यात तडकणाऱ्या कातडीला तेल चांगलेच. पण तेलाच्या पातळ थराने गारठा अडत नाही, तेव्हा तेल लावले म्हणून एक कपडा कमी करू नका. तळपायाला तेल लावून फरशीवर चालू नका.

शेकोटीबद्दल दोन गोष्टी. बागेसाठी पेटवलेल्या शेकोटीशी शेकत बसलात की समोरची बाजू तापते, घाम येतो, आणि उठून परत वाऱ्यात गेलात की आधीपेक्षा जास्त गारठता. शेकायचे तर स्वेटरची बटणे उघडून, थोडा वेळ, आणि वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, म्हणजे धूर अंगावर येणार नाही. रेनकोट घालून आगीजवळ अजिबात नको; तो पेटू शकतो, शिवाय वितळून कातडीला चिकटतो, आणि ते जास्त वाईट. आणि कोळशाची शेगडी मळ्यातल्या बंद खोलीत घेऊन झोपायचे नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला जागच येत नाही.

मुलाला हे पुढचे वाचायला द्या. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते तोवर भीती कमी असते. वाजायची थांबली, आणि तो अजून गारठ्यातच आहे, तेव्हा धोका असतो. थंडीची जाणीवच वयाने बोथट होते, त्यामुळे वडील "मला काही होत नाही" म्हणाले तर तेवढ्यावर जाऊ नका. बोलणे अडखळते का, बटण लावताना हात चुकतात का, पाय ओढत चालतात का, विनाकारण चिडचीड किंवा पेंग येते का, ते पाहा. पोटावरची कातडी हाताला गार लागली तर गंभीर समजा. शरीराचे तापमान ३५ सेल्सियस म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेले की तो आजार आहे, आणि घरातल्या ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरवर ३५ च्या खाली आकडेच नसतात. पारा तळाशीच राहिला तर "ताप नाही" असा अर्थ काढू नका.

असे दिसले तर त्यांना वाऱ्यातून आत आणा, ओले कपडे काढा, कोरडी घोंगडी किंवा रजई गुंडाळा, आणि आधी छाती-पोट गरम करा: टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी काखेत आणि छातीवर. हातपाय जोराने चोळू नका, उठवून चालवू नका. पूर्ण शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तरच गोड गरम दूध द्या. कुडकुडणे थांबलेले असून गुंगी असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्यांना आडवेच ठेवा.

मळ्यात जाणे बंद करायची गरज आम्हाला दिसत नाही. पाऱ्याचा आकडा ८ च्या खाली असेल त्या पहाटे एकट्याने जायचे नाही, आणि पोहोचल्यावर घरी एक फोन करायचा, एवढे दोघांनी ठरवून टाका. तपासण्यांचे आकडे आले की पुन्हा लिहा. बीपीची गोळी बदलली तर बोटांत फरक पडायला किती दिवस लागले तेही कळवा.